पंचवीस मिलिमीटरचे टायर आणि आरे-वारेचा चढ : पहिल्या रोड सायकलीचा चौदा महिन्यांचा अभिप्राय

चौदा महिने आणि साधारण २,७०० किलोमीटर वापरल्यानंतर या सायकलीबद्दल माझे मत असे झाले आहे की सायकल उत्तम आहे, मात्र दुकानातून जशी मिळते तशी ती कोकणात चालवण्यासाठी नाही. सांगाडा, चिमटा, गिअर, ब्रेक यांपैकी कशाबद्दलही माझी गंभीर तक्रार नाही. तक्रार आहे ती कंपनीने बसवून दिलेले २५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मागची २८ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) या दोनच गोष्टींबद्दल. रत्नागिरी, गुहागर, दापोली किंवा मालवण भागातल्या कोणी अशी सायकल घ्यायचे ठरवले असेल, तर या दोन गोष्टी पहिल्या फेरीच्या आधीच बदलून घ्याव्यात, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे. बाकीचे लिखाण हे मत कसे बनले याची हकिकत आहे.

कंपनीचे नाव मी देत नाही. या किमतीच्या चार-पाच सायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर रंग आणि दांड्यावरची अक्षरे सोडून त्यांच्यात फारसा फरक उरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, कार्बनचा पुढचा चिमटा, शिमानोचा क्लॅरिस गिअरसंच (पुढे दोन आणि मागे आठ चकत्या), तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आणि ७०० मापाची चाके, असा तो ठरलेला साचा आहे. माझ्या सायकलीचे वजन पायडलसह १०.६ किलो भरले आणि तिला ७२,००० रुपये पडले. तेव्हा हा अभिप्राय एका सायकलीचा असला, तरी त्या सगळ्या वर्गाला लागू पडेल असे मला वाटते.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण सायकलीचा अभिप्राय चालवणाऱ्याच्या शरीराला सोडून देता येत नाही. माझे वय ४४, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो आहे. मी रत्नागिरीत एका महाविद्यालयात शिकवते आणि सायकल चालवते ती फक्त शनिवार-रविवारी, सकाळी, मौजेखातर. शाळेत असताना बिनगिअरची लेडीज सायकल होती आणि त्यानंतर मधली सव्वीस वर्षे मी सायकलीवर बसलेलेच नव्हते. माझ्या मापाची रोड सायकल तेव्हा रत्नागिरीत मला मिळाली नाही, म्हणून घाट चढून वरच्या एका शहरातल्या दुकानातून ती आणावी लागली. दुकानदार बोलायला गोड होता. मला मापाच्या सायकलीवर बसवून त्याने सीटची उंची ठरवली, दोन बाटल्या भेट दिल्या आणि सायकल गाडीच्या टपावर बांधूनही दिली. परंतु ही सायकल कोणत्या रस्त्यावर चालणार आहे हे त्याने विचारले नाही आणि ते सांगायला हवे हे मलाही सुचले नाही.

ज्यांना कोकणचा किनारा चित्रांतूनच माहीत आहे, त्यांना किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता असे वाटते. प्रत्यक्षात इथे डोंगर थेट समुद्रात उतरतात. रस्ता खाडीच्या पुलावरून निघतो, घाटी चढून कातळाच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या पठारावर, जातो, दोन-चार किलोमीटर उघड्यावर धावतो आणि पुन्हा वळणे घेत पुढच्या गावाच्या पुळणीपाशी उतरतो, आणि हे असे गावोगाव चालते. चढ लांब नसतात, एक-दोन किलोमीटरचेच असतात, पण उभे असतात. एक संपवून दम घेतो न घेतो तोच दुसरा समोर उभा राहतो. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर आहे. शिरगाव आणि साखरतरचा पूल ओलांडेपर्यंत मला मी फार मोठी सायकलपटू असल्यासारखे वाटत होते. पुढे डोंगराच्या कुशीतून वर जाणारा आणि डाव्या हाताला खाली समुद्र दाखवणारा तो प्रसिद्ध चढ आला आणि अर्ध्यावर माझे पाय थांबले. गिअर शोधताना उजव्या हाताने गिअरची दांडी दाबत राहिले, पण सगळ्यात हलका गिअर केव्हाच लागलेला होता. त्याच्यापुढे गिअरच नव्हता. मी उतरले आणि सायकल हाताने ढकलत वर नेली. वर पोहोचल्यावर फोटो काढणाऱ्या पर्यटकांपैकी एका गृहस्थांनी मोठ्या आदराने विचारले, "ताई, कन्याकुमारीला चाललात का?" मी पुढच्या नेवरे गावापर्यंतसुद्धा जाईन की नाही याची तेव्हा मला शंका होती.

घरी येऊन मी हिशेब मांडला. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ दातांची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे ही चढावर माझ्या गुडघ्यांना मानवणारी गती, म्हणजे त्या गिअरमध्ये ताशी सव्वानऊ किलोमीटरचा वेग कायम राखावा लागतो आणि उभ्या चढावर तेवढी ताकद माझ्यापाशी नाही. वेग कमी झाला की फेरे कमी होतात आणि फेरे कमी झाले की प्रत्येक फेरा गुडघ्यावर येतो. मागे ३२ दातांची कॅसेट बसवल्यावर एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर जाते आणि तेवढ्याच फेऱ्यांत ताशी सुमारे आठ किलोमीटरने चढता येते. एका किलोमीटरचा हा फरक वाचताना क्षुल्लक वाटेल, पण सायकल हाताने ढकलणे आणि तिच्यावर बसून चढणे यांतले अंतर माझ्या बाबतीत नेमके तेवढेच होते. माझ्या सायकलीच्या मागच्या डेरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची) मर्यादा ३२ दातांचीच होती, त्यामुळे त्याहून मोठी कॅसेट बसवायची तर डेरेलरही बदलावा लागला असता. चेनही थोडी लांब घ्यावी लागली. ज्यांना निवडीची संधी आहे त्यांनी खरेदीच्या वेळीच ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट मागावी. सायकल शे-दोनशे ग्रॅमने हलकी असण्यापेक्षा या चार दातांचा उपयोग इथे कितीतरी जास्त आहे.

क्लॅरिस गिअरसंचाबद्दल मात्र चांगलेच लिहावे लागेल. ब्रेकची दांडी आतल्या बाजूला ढकलली की एक बदल आणि तिच्यामागची लहान पट्टी ढकलली की उलटा बदल, अशी त्याची रचना आहे. उजव्या हाताला मोठी दांडी गिअर हलका करते, तर डाव्या हाताला तीच दांडी गिअर जड करते. हा उलटेपणा अंगवळणी पडायला मला चार रविवार लागले आणि त्या चार रविवारांत चेन दोनदा उतरली. चढ सुरू झाल्यावर, पायांवर पूर्ण जोर असताना पुढची चकती बदलायला गेले की चेन उतरते, हे त्यातून शिकले. आता चढ दिसला की पायथ्याशीच लहान चकतीवर येते. त्यानंतर गिअरने कधी दगा दिला नाही. महागड्या संचांत मागे अकरा-बारा चकत्या असतात आणि शेजारच्या दोन गिअरांमधले अंतर कमी असते, त्यामुळे सड्यावरच्या सपाट रस्त्यावर पायांची लय अचूक साधता येते असे म्हणतात. मला तो फरक अजून खटकलेला नाही. उलट आठ गिअरची चेन स्वस्त असते आणि खाऱ्या हवेत चेन वरचेवर बदलावी लागते, हे लक्षात घेता आठच बरे.

आता टायर. मूळचे टायर २५ मिलिमीटरचे होते आणि त्यांच्या कडेवर लिहिलेला दाब वाचून मी इमानदारीने १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे हवेच्या दाबाचे माप) हवा भरत असे. डांबर नवे असेल तिथे सायकल खरोखर पाण्यासारखी वाहायची. पण आमचे रस्ते पावसाळ्यानंतर जागोजागी ठिगळे लावलेले असतात, मोरीच्या कडेला डांबर संपून खडी सुरू होते आणि वाडीच्या तोंडाशी जांभ्याची माती रस्त्यावर आलेली असते. तिथे प्रत्येक बारीक खड्डा मनगटापर्यंत जाणवायचा. तिसऱ्या की चौथ्या रविवारी नेवऱ्याच्या अलीकडे, उतारावर, सावलीतला खड्डा दिसला नाही आणि मागचे चाक त्यात आदळले. फुस्स करून हवा गेली. ट्यूब काढून पाहिली, तेव्हा शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या. टायर दबून रिमच्या दोन्ही कडा आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली की अशी साप चावल्यासारखी जोडीची भोके पडतात. काटा टोचल्याचे भोक एकच असते, म्हणून जोडी दिसली तर काटा शोधत बसू नये.

माझ्याजवळ जादा ट्यूब नव्हती. गावातल्या पंक्चरवाल्याने ट्यूबला दोन ठिगळे सफाईने लावली आणि हवा भरायची वेळ आली तेव्हा तो थबकला. रोड सायकलीच्या ट्यूबला प्रेस्टा प्रकारची वाल असते, म्हणजे पेन्सिलीसारखी बारीक आणि टोकाला लहानशी चकरी असलेली. ती चकरी सोडवून एकदा दाबावी लागते, तेव्हा हवा आत जाते. त्याने कॉम्प्रेसरचे तोंड दोन-तीन वेळा टेकवून पाहिले, मग वाल दोन बोटांत धरून उन्हाकडे केली आणि म्हणाला, "ताई, ही वाल आपल्याकडची नाय. मोटारसायकलीची असती तर मिनिटाचं काम होतं." शेवटी घरून गाडी बोलवावी लागली. त्याने ठिगळांचे पैसे घेतले नाहीत, कारण त्याच्या मते काम पुरे झालेले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी प्रेस्टा वालीवर बसणारी पितळी अडॅप्टरची जोडी मागवली. सुपारीच्या खांडाएवढी ती वस्तू आहे आणि किंमत इतकी किरकोळ की ती सायकलीसोबत दुकानातूनच मिळायला हवी. एक अडॅप्टर माझ्या सीटखालच्या पिशवीत असतो आणि दुसरा त्या पंक्चरवाल्याकडे दिला आहे. त्यानंतर तिथे आणखी दोन सायकलवाल्यांची सोय झाल्याचे त्याने सांगितले.

पिशवीत आता दोन ट्यूब, टायर काढायचे प्लॅस्टिकचे दोन चमचे, लहान हातपंप आणि अ‍ॅलन चाव्यांचा जुडगा कायम असतो. टायर मात्र मी २८ मिलिमीटरचे घेतले आणि माझ्या वजनाला पुढे ६० व मागे ६५ पीएसआय एवढाच दाब ठेवते. दाब इतका कमी केला तर सायकल जड चालेल अशी मला भीती होती. गुळगुळीत रस्त्यावर थोडा फरक पडतही असेल, पण खडबडीत रस्त्यावर चाक उसळत न जाता रस्त्याला धरून जाते आणि परतल्यावर हाताला मुंग्या येत नाहीत. त्यानंतरच्या वर्षभरात चिमटीचे पंक्चर एकदाही झाले नाही, काट्याचे दोनदा झाले. माझ्या सांगाड्यात ३२ मिलिमीटरचे टायर बसतात आणि हे संपले की तेच घेण्याचा विचार आहे.

बसण्याच्या पद्धतीविषयी नवख्यांना फार धास्ती असते आणि ती अगदीच निराधार नाही. खाली वळलेल्या दांड्याची सायकल पहिल्यांदा हातात घेतली की आपण डोके पुढे काढून पडणार असे वाटते. माझी मुख्य अडचण मात्र वेगळी निघाली. माझ्या बोटांना ब्रेकची दांडी पुरत नव्हती. वरच्या मुठींवर हात ठेवला, तर उतारावर पूर्ण ब्रेक लागेल एवढा जोर देता येत नसे. दोन महिने मी हे माझे दुबळेपण समजत होते. मग कळले की दांडी हँडलच्या जवळ आणण्यासाठी तिच्यात एक बारीक स्क्रू असतो आणि तो फिरवायला दोन मिनिटे पुरतात. लहान हातांच्या कोणीही, विशेषतः स्त्रियांनी, दुकानातच हे करून घ्यावे, कारण हा आरामाचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सीटही बदलली. मूळची लांबट आणि अरुंद होती, आता थोडी रुंद आणि मधे खाच असलेली आहे. गादीच्या सायकल-चड्डीच्या आत दुसरे काही घालायचे नसते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर पहिला महिना बराच सुखाचा गेला असता. संकोचामुळे या गोष्टी कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बुटाला अडकणारे पायडल मी सहा महिन्यांनी बसवले. बसवले त्याच दिवशी पावस गावाच्या रस्त्यावर एस.टी.च्या थांब्यासमोर बैल आडवा आला म्हणून थांबले, पाय सुटला नाही आणि उभ्या उभ्या आडवी झाले. थांब्यावर बसलेल्या एका आजींनी टोपली खाली ठेवली, "लागलं नाय ना गो बाय?" म्हणत मला हात दिला आणि मग माझे बूट निरखून पाहत, "पाय बांधून कशाला चालवतेस?" असे विचारले. याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही अर्धवटच आहे. चढावर थोडा फायदा होतो, पण गावांतून, गुरांतून आणि भुंकत धावणाऱ्या कुत्र्यांतून जाणाऱ्या नवख्या माणसाला साधे सपाट पायडल पहिले वर्षभर पुरेसे आहेत.

कुत्र्यांवरून आठवले, पहाटेच्या फेरीत प्रत्येक वाडीचे एक पथक ठरलेले असते. वेग वाढवून पळणे उतारावर जमते, चढावर नाही. चढावर मी उतरून सायकल मधे धरते आणि चालू लागते. चालणाऱ्या माणसात त्यांना रस राहत नाही.

वाऱ्याचा विषय सायकलीच्या अभिप्रायात कशाला, असे कोणी म्हणेल. पण माझ्या पहिल्या काही महिन्यांत ही सायकल एका शनिवारी चांगली आणि पुढच्या शनिवारी वाईट वाटायची आणि त्याचे कारण सायकलीत नसून वाऱ्यात होते. रात्री जमीन गार झाली की जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तर दिवस चढून जमीन तापली की समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुरू होतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आमच्याकडे हे खारे वारे दहा-अकराच्या सुमारास जोर धरतात आणि त्यांचा रोख वायव्येकडून असतो. आता पावस रत्नागिरीच्या दक्षिणेला आहे. सकाळी भाट्याचा पूल ओलांडून, घाटी चढून, गोळपच्या सड्यावरून पावसला जाणे सुखाचे होते, सुमारे २० किलोमीटर कधी संपतात ते कळत नाही. पण तिथे चहा-नाश्त्यात रमून साडेदहाला परत निघाले की त्याच उघड्या सड्यावर वारा तोंडावर येतो आणि झाडाचा आडोसा कुठेही नसतो. एकदा सड्यावर उतार असूनही मला पायडल मारावे लागत होते. याउलट गणपतीपुळे उत्तरेला आहे. तिथून परतताना वारा पाठीशी नाहीतर उजव्या कुशीला असतो आणि दमलेले पाय आपोआप घरी येतात. म्हणून नवख्याने उत्तरेकडे जावे आणि दक्षिणेकडे जायचे असेल तर नऊच्या आत घरी परतावे. सायकलीची पारख पावसच्या परतीवर करू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

खाऱ्या हवेचा दुसरा परिणाम लोखंडावर होतो आणि तो या सायकलीतला सगळ्यात खर्चिक भाग आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि कार्बनचा चिमटा गंजत नाहीत, हे दुकानात अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्या सांगाड्यात बसवलेले स्क्रू पोलादाचे असतात. पाण्याची बाटली अडकवायच्या घोडीचे स्क्रू तिसऱ्या महिन्यात तांबडे झाले. हँडलच्या मानेवरच्या चार स्क्रूंची डोकी, ब्रेकच्या तारांची टोके आणि चेनच्या कड्यांच्या बाजू यांचेही तेच झाले. आठव्या महिन्यात सीट अर्धा सेंटिमीटर वर घ्यावीशी वाटली, तर सीटचा दांडा सांगाड्यात पक्का चिकटून बसलेला. बसवताना तिथे ग्रीस लावलेच गेले नव्हते आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरून तो आत सांधला गेला होता. गंज सोडवणारे तेल दोन दिवस सोडत राहिल्यावर तो करकरत फिरला. त्या दुकानाबद्दलची ही माझी पहिली तक्रार. पन्नास रुपयांच्या ग्रीसने हे टळले असते. फोन केला तेव्हा मला असे ऐकवण्यात आले की आमच्या गिऱ्हाइकांना असा त्रास कधी होत नाही. होतही नसेल, त्यांच्या गावाला समुद्र नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे. फेरी किनाऱ्याने झाली असेल, तर घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकल. मगभर गोड्या पाण्याने, जोराची धार न मारता, ती धुवायची, जुन्या पंचाने पुसायची, चेन कोरडी करून प्रत्येक कड्यावर तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढायचे. हे शेवटचे पुसणे विसरले, तर जांभ्याची तांबडी धूळ तेलाला धरते आणि चेनवर लापशी तयार होते. तीच लापशी दातांना घासत राहते. एवढी काळजी घेऊनही पहिली चेन २,४०० किलोमीटरला झिजून ०.७५ टक्के लांबली आणि बदलावी लागली, पण ती हजार रुपयांच्या आत आली. सायकल समुद्राच्या बाजूच्या पडवीत न ठेवता मधल्या खोलीत ठेवण्यास घरच्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल सासूबाईंची मी ऋणी आहे.

डिस्क ब्रेकबद्दल दोन शब्द. उतारावर ते भरवशाचे आहेत आणि रिमला घासणाऱ्या ब्रेकमध्ये जांभ्याची रेती अडकून जी खरखर होते ती यात नाही. तारेवरच्या या ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो आणि दुसरा स्थिर असतो. झिजत जाईल तसा तो स्थिर पॅड चावीने आत सरकवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे मी नुसती तार ताणत राहिले आणि ब्रेक लागेनासा झाला, असे मला वाटले. पाच मिनिटांचे काम आहे, घरी शिकून घ्यावे. तारेच्या आवरणात खारे बाष्प शिरून दांडी जड होते, तेव्हा वर्षातून एकदा तारा आणि आवरणे बदलणे सोयीचे.

त्या दुकानाबद्दलची दुसरी तक्रार चाकांची. सायकल नवी असताना आरे नीट ताणून घ्यावे लागतात आणि शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाहावे लागतात. माझ्या सायकलीचे मागचे चाक दुकानाने हातही न लावता दिले होते, हे नंतर उघड झाले. ७०० किलोमीटरला मागचा एक आरा टंण् आवाज करून तुटला आणि तोही नेमका आरे गावाच्या चढावर. माझ्याबरोबर असलेल्या दीरांना हा विनोद पुढचे सहा महिने पुरला. चाक लचकू लागले, तरी तुटलेला आरा शेजारच्या आऱ्याला गुंडाळून आम्ही हळूहळू शहरात आलो. रत्नागिरीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी, ज्यांनी आयुष्यभर साध्या सायकलींचीच चाके सरळ केली आहेत, चाक स्टँडला लावले आणि एकेक आरा तारेसारखा चिमटीत धरून छेडत गेले. ज्या आऱ्याचा सूर खाली लागला त्याची निप्पल (आरा रिमला ताणून धरणारी लहान चकरी) पाव फेरा फिरवायची आणि पुन्हा छेडायची. अर्ध्या तासात त्यांनी चाक असे सरळ केले की त्यानंतरच्या २,००० किलोमीटरमध्ये त्याला हात लावावा लागलेला नाही. रोड सायकलीची दुरुस्ती आपल्याकडे होत नाही असे सरसकट म्हटले जाते. गिअरच्या बारीक जुळणीबाबत ते खरे असेल, चाकाच्या बाबतीत मुळीच नाही.

खाण्यापिण्यावर मी खर्च जवळजवळ काहीच केला नाही. बाजारातल्या शक्तिवर्धक पुड्या दोनदा आणून पाहिल्या. आता एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ जास्त घातलेले कोकम सरबत असते. निघण्यापूर्वी एक वाटी मऊभात आणि गणपतीपुळ्याला पोहोचल्यावर घावणे-चटणी एवढ्यावर ५० किलोमीटर आरामात होतात. मार्चनंतर मात्र दोन बाटल्या पुरत नाहीत. हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि आठ वाजताच दुपार झाल्यासारखे वाटते. तेव्हा वाटेतल्या शहाळेवाल्याचा आधार.

पावसाळ्यात ही सायकल मी चालवत नाही. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रस्त्याच्या कडांना शेवाळ धरते आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नाही ते कळत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सीटचा दांडा काढून ग्रीस लावते, सगळ्या स्क्रूंना तेलाचे बोट फिरवते आणि दसऱ्यापर्यंत ती मधल्या खोलीत भिंतीला लावून ठेवते. ज्यांना बारमाही चालवायची आहे, त्यांनी रोड सायकलीच्या वाटेला न जाता सरळ रुंद टायरची साधी हायब्रीड घ्यावी. तिला चिखलपट्ट्याही नीट बसतात.

सायकलीच्या किमतीखेरीज वर्षभरात टायर, कॅसेट, चेन, सीट, पंप आणि किरकोळ वस्तू मिळून सुमारे ११,००० रुपये गेले. त्यातले निम्मे खरेदीच्या वेळी दुकानदाराशी बोलून वाचवता आले असते, कारण न वापरलेली कॅसेट आणि टायर बदलून द्यायला बरीच दुकाने थोडा फरक घेऊन तयार होतात. फाटलेल्या ट्यूब मात्र वाया गेल्या नाहीत. सासऱ्यांनी त्यांच्या पट्ट्या कापून परसातली हापूसची नवी कलमे खुंट्यांना बांधली आहेत आणि रबर ताणत असल्यामुळे सुंभापेक्षा ते बरे, असा त्यांचा अभिप्राय आहे. पंचवीस मिलिमीटरचे दोन्ही टायर माळ्यावर जवळजवळ नव्यासारखे पडून आहेत. घाटावरच्या, सपाट रस्त्याच्या कोणाला हवे असतील तर निम्म्या किमतीत द्यायची माझी तयारी आहे.